रापणीच्या दोन टोकांना दोघं

माझ्या पहिल्या कादंबरीची नायिका धनुष्य चालवायची. मालवणात! चाळीस पानं झाल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, ही बाण मारतली कोणाक? शहाळ्याक?" वही तिथेच मिटली.

हुकूमशाहीतली किशोरांची प्रेमकथा लिहायचीय ना? मग धनुष्य सोडा, आधी नियम शोधा. 'डायव्हर्जंट' (२०११) या कादंबरीत सोळाव्या वर्षी पाच गटांतून एक निवडायचा. एका ओळीत सांगून होतं. आपला नियम तर दारात आहे. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, माशांच्या विणीसाठी. समजा, एका वर्षी बंदी उठलीच नाही. नारळी पौर्णिमेला लोक नारळ घेऊन गेले, तर बंदरावर कुंपण. किनाऱ्यालगत तेवढी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, चालू, तीही पहाऱ्यात, आणि मिळालेला वाटा दुसऱ्याला द्यायचा नाही. कारण मात्र रास्त ठेवा. मासे खरंच आटलेत, हे नायिकेच्या आजीलाही पटलेलं असू दे. नुसत्या दुष्ट सरकारचा दहा पानांत कंटाळा येतो.

प्रेमाचा त्रिकोण हवाच असेल, एकीकडे बालमित्र नि दुसरीकडे परका बंडखोर, तर खुशाल घ्या. पण ती कोणाकडे वळते यावर गावाचं काहीतरी अडायला हवं. नाहीतर ती लग्नाची बोलणी झाली. (बंडखोरांचा पुढारी शेवटी सरकारसारखाच निघतो, हे वाचकाला आता पाठ आहे. लवकर उरका.)

पहिली भेट मी रापणीवर घेते. होडीतून जाळं अर्धगोल टाकतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. दोन टोळ्या लांब लांब उभ्या राहून ओढतात आणि जाळं जवळ येईल तशा एकमेकींकडे सरकतात. ती एका दोराला, तो दुसऱ्या. आधी तिला फक्त मागे झुकणारी पाठ दिसते. मग खांद्याला चिकटलेला सदरा. मग दोराने सोललेला तळवा, जो तो मिठाच्या पाण्यात बुडवून दात आवळतो. बांगडे उसळू लागतात तोवर दोघांत हातभर अंतर, आणि मधे वाटे मोजणारा शिपाई. इथे त्यांना बोलू देऊ नका. शिपायाची पाठ वळताच तो आपल्या वाट्यातला एक बांगडा तिच्या टोपलीत सरकवतो, बस्स.

हे पान भाचीला दिलं. वाचून म्हणाली, "मगे? धरल्यानी त्येका?"

दुसरं प्रकरण तिथूनच सुरू केलंय.