सॅल्मन, हेरिंग आणि समुद्रपक्षी: उत्तरेच्या समुद्रांचा अभ्यास करताना या चुका टाळा

1993 च्या वसंतात अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या उपसागरात हेरिंगचे विक्रमी थवे येतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्याचा लहानसा हिस्साच आला आणि आलेल्या कित्येक माशांच्या अंगावर रक्ताळलेले चट्टे होते. मासेमारी थांबवावी लागली. दशकाच्या शेवटी ती थोडा काळ सुरू झाली आणि पुन्हा बंद पडली. हेरिंग हा आपल्या तारलीचा थंड पाण्यातला नातलग: लहान, तेलकट, थव्याने राहणारा आणि मोठे मासे, पक्षी, सील, देवमासे अशा सगळ्यांचं पोट भरणारा. तो गेला की बाकी सगळ्यांची घडी विस्कटते.

याच उपसागरात 24 मार्च 1989 रोजी 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज खडकावर चढलं होतं आणि सुमारे 1 कोटी 10 लाख गॅलन कच्चं तेल पाण्यात गेलं होतं. 1991 च्या दिवाणी तडजोडीत कंपनीने 90 कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. त्या रकमेतून इथल्या संशोधनाला अनेक वर्षं निधी मिळत राहिला. शिवाय 1997 मध्ये अमेरिकी संसदेने नॉर्थ पॅसिफिक रिसर्च बोर्ड स्थापन केलं, तेही अशा प्रकल्पांना स्पर्धेतून पैसा देतं. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयातून किंवा मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतून बाहेर पडून अशा प्रकल्पात जाऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि या विषयावरच्या बातम्या वाचणाऱ्यांसाठीही, हे लिहितो आहे. या अभ्यासातल्या चुका ठरावीक आहेत आणि बहुतेक चुका पहिलं जाळं पाण्यात पडण्याआधीच, कागदावर होतात.

जवळची मोठी घटना म्हणजेच कारण, असं धरून चालणं

हेरिंग तेलानेच मेली का? तेल सांडलं ते हेरिंगच्या अंडी घालण्याच्या तोंडावर, त्यामुळे त्या वर्षीच्या अंड्यांना आणि पिल्लांना इजा झाली हे खरं. पण थवे कोसळले चार वर्षांनी. 1993 च्या माशांमध्ये रक्तस्राव घडवणारा विषाणू सापडला. मासे उपाशी होते का, संख्या फार वाढल्यामुळे रोग पसरला का, तेलाने त्यांची प्रतिकारशक्ती आधीच खच्ची केली होती का, यावर तज्ज्ञांचं आजही एकमत नाही. अडचणीचं मूळ असं, की तेल सांडण्यापूर्वी तिथे रोगांची पद्धतशीर नोंदच होत नव्हती. 'आधी'चा आकडा नसेल तर 'नंतर'च्या आकड्याची तुलना करायची कशाशी?

तुमचं काम अशा वादात अडकलं, तर प्रश्न आधी दोन भागांत फोडा. हेरिंग का कोसळली, हा एक. इतक्या वर्षांत ती सावरत का नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यापेक्षा अगदी वेगळं असू शकतं: टिकून राहिलेले रोग, वाढलेले हंपबॅक देवमासे, वर्षानुवर्षं नवी मोठी पिढी न जन्मणं. प्रस्तावात हे दोन प्रश्न एका वाक्यात कोंबलेले दिसले की मला त्या प्रकल्पाची काळजी वाटते.

तीन वर्षांचा निधी आणि दोन वर्षांचा मासा

ही चूक सर्वांत महाग पडते, म्हणून इथे थोडं थांबू.

पिंक सॅल्मन, म्हणजे नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा मासा, बरोबर दोन वर्षं जगतो. सम वर्षी जन्मलेल्यांची पिल्लं सम वर्षीच, विषम वर्षी जन्मलेल्यांची विषम वर्षीच. दोन्ही वंश एकाच नदीत राहूनही एकमेकांत मिसळत नाहीत. उत्तर पॅसिफिकच्या कित्येक भागांत एका वंशाची संख्या दुसऱ्यापेक्षा खूप मोठी असते. 2014 मध्ये ॲलन स्प्रिंगर आणि गस व्हॅन व्लिएट या संशोधकांनी ॲल्यूशियन बेटे आणि बेरिंग समुद्रातल्या पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या. विषम वर्षी, म्हणजे पिंक सॅल्मन भरपूर असताना, पफिन आणि किटिवेक यांची वीण उशिरा होत होती आणि पिल्लं कमी जगत होती. मासा आणि पक्षी एकाच ताटातलं अन्न खात होते.

आता तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा आहे असं समजा. त्यात दोन विषम आणि एक सम वर्ष येईल, नाहीतर उलटं. सरासरी काढलीत की ती आपोआप एका बाजूला झुकणार आणि तुम्हाला तो 'कल' वाटणार. निधीची मुदत वाढवणं तुमच्या हातात नसतं. पण आपल्या तीन वर्षांना एखाद्या जुन्या, सलग नोंदीशी जोडणं हातात असतं. अलास्काच्या आखातातल्या मिडलटन बेटावर पक्षी पिल्लांना काय भरवतात याच्या नोंदी 1978 पासूनच्या आहेत. तिथल्या हवाई दलाच्या जुन्या रडार मनोऱ्यावर किटिवेक घरटी करतात. अशा नोंदींची पद्धत, महिना, मापं जशीच्या तशी उचला. स्वतःची नवी, 'सुधारलेली' पद्धत आणायचीच असेल तर निदान एक हंगाम दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवा.

आणखी एक: प्रिन्स विल्यम साउंडमधली मत्स्यबीज केंद्रं दरवर्षी पिंक सॅल्मनची 60 कोटींहून जास्त पिल्लं समुद्रात सोडतात. पाण्याचं तापमान ठरवून कमी-जास्त केल्याने त्यांच्या कानातल्या खड्यावर, म्हणजे ओटोलिथवर, रेषांची खूण उमटते. पकडलेला मासा नदीत जन्मलेला की केंद्रातला, हे या खुणेवरून कळतं. ती न तपासता 'जंगली सॅल्मन वाढला' असं लिहू नका.

फ्रेझर नदीचं उदाहरणही याच जातीचं. 2009 मध्ये कॅनडातल्या या नदीत सुमारे 1 कोटी सॉकआय सॅल्मन परततील असं भाकीत होतं, आले सुमारे 15 लाख. सरकारने न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला, आणि काम सुरू असतानाच 2010 मध्ये जवळजवळ 3 कोटी मासे आले. इथला सॉकआय बहुतेक चार वर्षांनी परततो. म्हणून 2009 ची तुलना 2010 शी न करता 2005 शी करायला हवी. 2012 च्या अहवालात आयोगाला एकच एक कारण सापडलं नाही.

किनाऱ्यावर सापडले तेवढेच मेले, असं समजणं

2015 चा उन्हाळा ते 2016 चा वसंत या काळात कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत सुमारे 62 हजार मेलेले किंवा मरायला टेकलेले गिलमॉट पक्षी किनाऱ्याला लागले. समुद्राचं पाणी तेव्हा असाधारण तापलेलं होतं. गिलमॉटला रोज स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके मासे लागतात, चार-पाच दिवस उपास घडला की तो संपतो. बहुतेक मृत पक्षी खोल समुद्रातच बुडतात, म्हणून आधीचे अंदाज सुमारे 10 लाखांपर्यंत गेले होते. पुढे 13 वसाहतींमधल्या कड्यांवरची आधीची आणि नंतरची मोजणी ताडून पाहिली गेली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा निघाला सुमारे 40 लाख, म्हणजे अलास्कातले जवळजवळ निम्मे गिलमॉट.

हा आकडा निघू शकला, कारण काही माणसं काहीही विशेष घडत नसलेल्या वर्षांतही त्याच कड्यांसमोर बसून पक्षी मोजत राहिली होती. निधीसमित्यांसमोर या कंटाळवाण्या वर्षांची बाजू जोरात मांडा. एक सावधगिरी मात्र हवी. वाईट वर्षी पक्षी विणीला न येता समुद्रावरच राहू शकतात. तेव्हा एका वर्षी कडा रिकामा दिसला म्हणून लगेच मृत्यूंचा आकडा काढू नका, पुढची काही वर्षं पाहा.

पक्ष्याच्या चोचीला जाळं समजणं

पफिनच्या चोचीत हेरिंगची पिल्लं दिसली नाहीत, म्हणजे समुद्रात हेरिंग नाही, असं होत नाही. पक्षी आपल्या पल्ल्यातलं आणि पिल्लाला गिळता येईल एवढंच आणतो. स्वतः दूरवर काय खातो ते वेगळंच असू शकतं. ध्वनियंत्राने माशांचे थवे मोजतानाही असंच होतं. पडद्यावरचा ठिपका हेरिंगचा की पोलॉक या दुसऱ्या माशाच्या पिल्लांचा, हे जाळं टाकून पडताळल्याशिवाय सांगता येत नाही.

'हेरिंग वाढली, पक्ष्यांचं भलं झालं' हे सूत्र सगळीकडे लावणं

नॉर्वेत ते अर्धंच खरं ठरलं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस तिथली हेरिंग अतिमासेमारीने कोसळली आणि रोस्ट बेटांवरच्या पफिनांची पिल्लं वर्षामागून वर्ष उपाशी मेली. प्रवाहाबरोबर उत्तरेला वाहत येणारी हेरिंगची बोटुकली हाच त्यांचा आहार होता. 1983 मध्ये हेरिंगची मोठी पिढी जन्मली. पण हीच लहान हेरिंग पुढे बॅरेंट्स समुद्रात कॅपलिन माशाच्या अळ्या खाऊ लागली, कॅपलिन कोसळायला तिचाही हातभार लागला, आणि 1987 मध्ये बेअर बेटावरच्या विणीच्या गिलमॉटांची संख्या एका वर्षात 80 टक्क्यांहून जास्त घटली. पक्षी कोणता, बेट कोणतं आणि मासा कोणत्या वयाचा, हे लिहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

नोंदवह्या सुरू झाल्या तेव्हापासूनच इतिहास धरणं

अलास्काच्या सिटका भागातले त्लिंगित हे मूळनिवासी लोक हेमलॉकच्या फांद्या उथळ पाण्यात सोडतात, हेरिंग त्यावर अंडी घालते आणि ती गाभोळी घरोघरी वाटली जाते. पूर्वी हेरिंग कुठे कुठे अंडी घालायची, हे त्यांचे वडीलधारे सांगतात, आणि त्यातल्या अनेक जागा सरकारी नकाशात नाहीत. ब्रिटिश कोलंबिया, अलास्का आणि आसपासच्या दीडशेहून जास्त पुरातत्त्वस्थळांतली हाडं तपासणारा अभ्यास 2014 मध्ये आला. त्यातही हेरिंग हजारो वर्षं आजच्यापेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी मुबलक असल्याचं दिसलं. 1970 च्या आकड्याला 'मूळ स्थिती' म्हणणाऱ्याला हे दिसतच नाही. म्हणून या वडीलधाऱ्यांकडे प्रश्नावली घेऊन शेवटच्या महिन्यात जाऊ नका. प्रश्न ठरवायच्या बैठकीलाच त्यांना बोलवा, आणि त्यांच्या वेळेचं मानधन पहिल्या अंदाजपत्रकात धरा.