लेसरने चष्मा घालवायचाय? या चुका टाळा

लग्न ठरलं की पार्लर, दागिने आणि लेसर, अशी हल्ली यादीच असते. तारीख महिन्यावर आलेली आणि नवरी तपासणीला येते तीच डोळ्यांत लेन्स घालून. "आत्ता काढते ना!" तेवढ्याने भागत नाही. लेन्समुळे बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा (कॉर्नियाचा) आकार तात्पुरता बदलतो. तेव्हा मोजलेला नंबर चुकतो आणि टोपोग्राफीचा, म्हणजे बुबुळाच्या उंचसखलपणाचा नकाशाही फसवा येतो. लेसर मात्र तोच चुकीचा नंबर इमानेइतबारे कोरतं. म्हणून तपासणीआधी साधी सॉफ्ट लेन्स किमान एक आठवडा, टॉरिक (तिरप्या नंबरची) दोन आठवडे आणि सेमी-सॉफ्ट (कडक प्रकारची) तीन-चार आठवडे बंद. नकाशा शंकास्पद वाटला तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा काढायचा. दोन्ही जुळले तरच पुढे जायचं. कालपर्यंत लेन्स वापरून "आठवडा झाला" असं ठोकून देणारे डॉक्टरला नाही, स्वतःच्या डोळ्यालाच फसवतात.

दुसरा लाडका युक्तिवाद: "मैत्रिणीचा नंबर आठ होता, तिचं झालं की." तिच्या बुबुळाची जाडी विचारलीत का? सरासरी 540 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. समजा तुमची 500 आहे. लॅसिक या लेसर ऑपरेशनात बुबुळाची वरची पातळ चकती (फ्लॅप) उचलतात, ती 110 ची, आणि एका नंबरमागे साधारण 15 म्हणजे उणे आठला 120. उरले 270. किमान 250 उरावेत म्हणतात, म्हणून हे कागदावर बसतं. पण फ्लॅप धरून 230 मायक्रॉन म्हणजे जाडीच्या 46 टक्के कामी आले, आणि 40 टक्क्यांच्या पुढे धोका वाढतो. असं बुबुळ पुढे फुगू लागलं तर तिरपा नंबर येतो, चष्म्यानेही नीट दिसत नाही आणि क्रॉस-लिंकिंग (बुबुळ घट्ट करण्याचा उपचार) करावं लागतं. अशा वेळी आयसीएल (बुबुळ न कोरता डोळ्याच्या आत बसवायची लेन्स) बसते का ते विचारा. किमान आकडा 250 चा असला, तरी 300 च्या खाली उरत असेल तर घाई नकोच. घरात कुणाला केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) असेल किंवा डोळे चोळायची सवय असेल, तर ते आधी सांगा.

वर्षभरात नंबर अर्ध्या नंबरहून (0.5) जास्त हलला असेल, तर थांबा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असतानाही नाही.

कोरड्या डोळ्यांवर आधी उपचार. शर्मर या अश्रू मोजण्याच्या चाचणीत पापणीत ठेवलेली कागदी पट्टी पाच मिनिटांत 5 मिलिमीटरही भिजत नसेल, तर लेसरचं नाव काढू नका.

चाळिशीतल्या उणे दोनवाल्यांनो, लेसरनंतर चष्मा काढून पेपर वाचण्याची तुमची सोय जाईल.

थेंब घालून बाहुली मोठी करून डोळ्यामागचा पडदा (रेटिना) तपासून घ्या. नंबर गेला तरी पडद्याचा पातळपणा तसाच राहतो.

आणि ऑपरेशनआधीचा नंबर व केराटोमेट्रीचा (बुबुळाच्या गोलाईच्या मोजमापाचा) कागद जपून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की भिंगाची पॉवर काढताना लागतो.