इन्व्हेस्टमेंट कास्टिंगची फाउंड्री सुधारायची? भट्टी नंतर, शेलची खोली आधी

इन्व्हेस्टमेंट कास्टिंगमध्ये वॅक्सच्या नमुन्यावर सिरॅमिकचे कोट एकावर एक वाळवून शेल, म्हणजे कवच, तयार करतात, मग वॅक्स वितळवून काढतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. अशी फाउंड्री सुधारायचं ठरलं की पहिलं कोटेशन बहुतेक वेळा इंडक्शन भट्टीचं, म्हणजे विजेवर धातू वितळवणाऱ्या भट्टीचं, मागवलं जातं. पत्र्याचं शेड, बोअरचं पाणी आणि मे महिन्यात 45 अंशांचं ऊन असलेल्या विदर्भातल्या गावात हा क्रम चुकीचा आहे. आधी तीन महिने रिजेक्शनचं रजिस्टर ठेवा. रकाने तीनच: वॅक्स, शेल, धातू. कास्टिंगला फुटलेली पातळ पाती, पृष्ठभागात रुतलेला सिरॅमिकचा कण, फुगलेली भिंत हे सगळं शेलच्या रकान्यात लिहा. तो रकाना सर्वांत लांब निघाला, तर भट्टीचे पैसे तूर्त राखून ठेवा.

शेल कुठे बिघडतं? वाळताना. ओला कोट वाळतो तेव्हा बाष्पीभवनाने आतलं वॅक्स थंड होऊन आकसतं. कोट वाळत आला की वॅक्स पुन्हा तापतं, फुगतं आणि कोवळ्या पहिल्या कोटला तडा देतं. उघड्या शेडमध्ये 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर ओलं वॅक्स 21-22 अंशांपर्यंत उतरतं, म्हणजे 16-17 अंशांचा झोका. 24 अंश आणि 55 टक्क्यांवर हाच झोका सुमारे 6 अंशांचा असतो.

हे स्वतः पाहता येतं. एका नमुन्याच्या ट्रीमध्ये (एका दांड्याला जोडलेल्या वॅक्सच्या नमुन्यांचा घोस) खोल खाचेजवळ बारीक के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) रोवा, डिप द्या, म्हणजे ट्री स्लरीत (सिरॅमिकच्या घोळात) बुडवून काढा, आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. तापमान आधी घसरतं, तळाशी रेंगाळतं, मग हळूहळू वर येतं. ते खोलीच्या तापमानापासून एका अंशाच्या आत आलं की तिथला कोट वाळला. घड्याळ लावून ‘चार तास झाले, पुढचा डिप’ म्हणणं हा जुगार आहे: सपाट भाग वाळलेला असतो, भोकं आणि खाचा ओल्याच राहतात.

आता खोली. 12 बाय 15 फूट, उंची 9 फूट, भिंती आणि छत 60 ते 80 मिमी पफ पॅनेलचं (उष्णता अडवणारा फोम भरलेले पत्रे), आत यायला दोन दारांची कोंडी. वॅक्सची खोली तिला लागूनच हवी. ट्री उन्हातल्या अंगणातून नेली, तर पातळ पाकळ्या पोहोचण्याआधीच वाकतात. तापमान 23 ते 25 अंश. आर्द्रता पहिल्या दोन कोटांना 50 ते 60 टक्के आणि वारा मंद. पुढच्या कोटांना 40 ते 50 टक्के आणि पंखे चालू. एसीचा झोत थेट ट्रीवर येऊ देऊ नका.

घरोघरी असतो म्हणून कूलर इथे लावायचा मोह होतोच. त्याची हवा 28 अंशांच्या आसपास, पण आर्द्रता 70 टक्क्यांवर. शेल वाळत नाही आणि दुपारी-रात्री वेगवेगळं वागतं. उलट 45 अंश आणि 15 टक्क्यांची कोरडी हवा नुसती 24 अंशांपर्यंत थंड केली, तरी तिची आर्द्रता आपोआप 48 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून उन्हाळ्यात बहुतेक वेळा एसी पुरतो. खरी अडचण जुलैची. बाहेर 28 अंश आणि 90 टक्के असताना तीच हवा थंड केली की ती ओलीचिंब होते. तिथे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, हवंच.

त्याचा आकार असा काढा: डिपनंतर लगेच ट्रीचं वजन करा, वाळल्यावर पुन्हा करा. फरक 250 ग्रॅम निघाला आणि पाळीत 40 ट्री असतील, तर 10 लिटर पाणी हवेत जातं. कॅटलॉगमधली क्षमता 30 अंश आणि 80 टक्क्यांवरची असते. तुमच्या 24 अंश आणि 50 टक्क्यांवर ती निम्मीही मिळत नाही. त्या हिशेबाने मोठं यंत्र घ्या.

स्लरीत बोअरचं पाणी कधीही घालू नका. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे स्लरीला बांधून ठेवणारी कोलॉइडल सिलिका गोठू लागते. टाकीतलं पाणी रोज उडतं, ते डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यानेच भरा. रोज सकाळी पीएच पाहा: 9.2 च्या खाली गेला की स्लरी म्हातारी झाली. स्लरीचा दाटपणा झाहन कपाने (तळाला भोक असलेला कप; तो रिकामा व्हायला लागणारा वेळ) सेकंदात मोजा. पहिल्या कोटच्या स्लरीचा दाटपणा 5 नंबरच्या कपात साधारण 22 ते 28 सेकंद ठेवतात; तुमचा आकडा एकदा ठरला की दोन सेकंदांपेक्षा जास्त हलू देऊ नका. स्टको (ओल्या कोटवर टाकायची बारीक वाळू) टाकताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात जाते, म्हणून तिथे धूळ ओढणारा हूड बसवा. फडकं बांधून भागत नाही.

डीवॅक्सिंगला (शेलमधलं वॅक्स वितळवून काढायला) ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेचं बंद पात्र, घेतलात, तर वाफेचा दाब 5-6 सेकंदांत दर चौरस सेंटिमीटरला 7-8 किलोवर चढला पाहिजे. हळू चढला, तर वॅक्स वितळण्याआधी फुगतं आणि शेल फोडतं. बहुधा चूक बॉयलर लहान घेण्यात असते. बॉयलरची नोंदणी बाष्पके संचालनालयाकडे लागते, ती ऑर्डर देण्याआधी पाहा. शेल 950 ते 1000 अंशांवर भाजा आणि थंड होऊ न देता धातू ओता.

भट्टी घ्याल तेव्हा लाइन जाण्याचा विचार आधी करा. वितळण लाइनविना थांबली तरी चालेल, पण भट्टीच्या कॉइलला थंड ठेवणारं पाणी थांबता कामा नये. पंपासाठी छोटा डिझेल जनरेटर ठेवा आणि तोही सुरू झाला नाही तर उतारानेच पाणी येईल अशी वरची टाकी बसवा. भट्टी चालू व्हायच्या आधी मेन स्विच पाडून टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आणि कॉइलमधून पाणी किती मिनिटं वाहतं ते घड्याळ लावून मोजा.