इस्केमियाचं मॉडेल: आधी एक पेशी, मग हृदय

रक्तपुरवठा तुटलेल्या, म्हणजे इस्केमिया झालेल्या, हृदयाचं संगणकावरचं सिम्युलेशन म्हटलं की प्रत्येकाला थेट एमआरआयवरून घडवलेलं थ्रीडी हृदय हवं असतं. मलाही हवं होतं. आठवडाभर क्लस्टर (एकत्र जोडलेले संगणक) अडवून ठेवला आणि निकाल पाहिला, तर पोटॅशियम वाढवलेला भाग आणि निरोगी भाग यांत तसूभर फरक नाही! तेव्हापासून मी एका पेशीपासूनच सुरुवात करते.

हृदयपेशीच्या विद्युत हालचालीचं टेन टुशर-पानफिलोव्ह (२००६) किंवा ओ'हारा-रूडी (२०११) हे गणिती मॉडेल घ्या. दोन्ही सेलएमएलच्या (अशी मॉडेलं लिहिण्याची संगणकीय भाषा) साठ्यात तयार मिळतात. दर १००० मिलिसेकंदाला एक ठोका देत लागोपाठचे ॲक्शन पोटेन्शिअल (प्रत्येक ठोक्याला पेशीच्या व्होल्टेजमध्ये येणारा चढउतार) एकमेकांवर चपखल बसेपर्यंत चालवा. ओ'हारा-रूडीला हजारेक ठोके लागतात; शंभरात उरकू नका.

आता इस्केमियाचे तीन घटक एकेक करून घाला. तिन्ही एकदम घातलेत तर बिघाड कुठला, ते कळणार नाही.

पहिलं, पेशीबाहेरचं पोटॅशियम. ५.४ मिलिमोलरवरून ९ करा, पण त्याआधी कागदावर नर्न्स्टचं गणित मांडा; पेशीच्या आतल्या-बाहेरच्या प्रमाणावरून ते समतोल व्होल्टेज देतं. आत साधारण १३७ मिलिमोलर आणि तापमान ३७ अंश धरलं, तर पोटॅशियमचा समतोल व्होल्टेज उणे ८६ वरून उणे ७३ मिलिव्होल्टवर येतो. पेशीचा विश्रांतीचा व्होल्टेजही त्याच्याच आसपास सरकायला हवा. माझा हलतच नव्हता. ५.४ हा आकडा वर पॅरामीटरमध्ये होता आणि खाली समतोलाच्या सूत्रात कुणीतरी पुन्हा हातानं टाइप केलेला होता. वरचा मी बदलला, खालचा तसाच राहिला. त्यामुळे फाईलमध्ये ५.४ शोधाच, पण दिसेल तिथे बदलू नका. टेन टुशरच्या आयके-वनमध्ये (विश्रांतीचा व्होल्टेज टिकवणारा पोटॅशियमचा प्रवाह) वर्गमूळाखाली पोटॅशियमला ज्या ५.४ ने भागलंय, तो तुलनेचा आकडा आहे. त्याला हात लावायचा नाही.

दुसरी, आम्लता. सोडियम आणि एल-टाइप कॅल्शियमची वाहकता २५ टक्क्यांनी कमी करा. प्रचलित पद्धत हीच.

तिसरी, ऑक्सिजनची टंचाई. एटीपी (पेशीचं इंधन) घटलं की उघडणारे पोटॅशियम चॅनेल या दोन्ही मूळ मॉडेलांत नाहीत, ते वेगळे जोडावे लागतात. फेरेरो यांचं १९९६ चं सूत्र बरंच वापरलं जातं. इथे हात आखडता ठेवा. शंभरात एकाहूनही कमी चॅनेल उघडले तरी ॲक्शन पोटेन्शिअल चांगलंच आखूड होतं. अर्धे उघडलेत तर पेशी ढिम्म हलणार नाही.

मग पेशींची दोन सेंटिमीटरची तार करा आणि टोकं सोडून मधल्या भागात वहनाचा वेग मोजा. पोटॅशियम अर्ध्या-अर्ध्या मिलिमोलरनं वाढवत न्या. वेग आधी किंचित वाढतो, कारण विश्रांतीचा व्होल्टेज उंबरठ्याजवळ येतो; पुढे सोडियम चॅनेल निष्क्रिय राहू लागतात, वेग कोसळतो आणि शेवटी वहन थांबतं. आलेखात सुरुवातीचा हा उंचवटा दिसला नाही तर मी पुढे जातच नाही. गणितासाठी तारेवर घेतलेल्या बिंदूंच्या जाळीचं अंतर ०.२ मिलिमीटर असेल तर ०.१ करून एकदा पडताळा. विरळ जाळीत वेग चुकतो आणि नसलेला अडथळाही दिसतो.

आता पत्रा, म्हणजे पेशींचा सपाट द्विमितीय थर. आजारी भागाची कड सुरीनं कापल्यासारखी नको. पोटॅशियमची उतरण सुमारे सेंटिमीटरभर पसरवा, ऑक्सिजनची त्याहून बरीच अरुंद ठेवा. भिंतीची जाडी घेणार असाल, तर पोकळीतल्या रक्तानं तगून राहिलेला आतला मिलिमीटरभर थर निरोगी सोडा.

रीएंट्री, म्हणजे लाटेनं वळसा घालून पुन्हा त्याच जागी येणं, शोधायला मोनोडोमेन (पेशीबाहेरचा व्होल्टेज वेगळा न सोडवणारं सोपं समीकरण) पुरतं. कडेबाहेरून नेहमीचे ठोके द्या, मग एक अवेळी ठोका, आणि त्याची वेळ ५-५ मिलिसेकंदांनी अलीकडे आणत जा. ॲक्शन पोटेन्शिअल संपलं म्हणजे पेशी तयार झाली, असं इथे धरू नका. इस्केमियात व्होल्टेज खाली आल्यानंतरही ती बराच वेळ दाद देत नाही. कडेच्या दोन्ही बाजूंमधला नेमका हाच फरक लाटेला एकीकडे अडवतो आणि दुसरीकडून वळसा घालून परत येऊ देतो.