ब्रॉडहेड आणि फील्ड पॉइंट एकाच ठिकाणी लागावेत यासाठी कंपाउंड धनुष्य कसे जुळवावे

अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार करणाऱ्यांमध्ये दर उन्हाळ्यात तेच वाद नव्याने सुरू होतात: धनुष्य कोणत्या कंपनीचे घ्यावे, बाण हलका असावा की जड, टोकाची पाती स्थिर असावीत की लागल्यावर उघडणारी. या वादांत एक काम मात्र मागे पडते, आणि बाण नेमका लागणे बहुतांशी त्याच कामावर अवलंबून असते. हातात आहे तेच धनुष्य शिकारीच्या टोकासह, म्हणजे ब्रॉडहेड लावून, जुळवणे हे ते काम. उन्हाळाभर फील्ड पॉइंट या सरावाच्या पाते नसलेल्या टोकाने बाण सोडायचे आणि हंगाम उघडण्याच्या आदल्या दिवशी ब्रॉडहेड फिरवून बसवून रानात जायचे, ही पद्धत मला अक्षम्य वाटते, कारण त्या निष्काळजीपणाची किंमत जखमी होऊन झाडीत नाहीसे झालेले जनावर मोजते.

हा लेख अमेरिकेतील परवानाधारक शिकाऱ्यांसाठी आहे. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये धनुष्यासाठी हरणाचा स्वतंत्र हंगाम सुरू केला, आणि आज धनुष्याची ओढ (म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर), पात्यांची रुंदी आणि टोकाचा प्रकार यांविषयी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्यामुळे आपल्या राज्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचणे अनिवार्य आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे तेथील वाचकांना यातील बाणाच्या उड्डाणाविषयीचा भागच उपयोगी पडेल. नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे जागतिक विजेतेपद मिळवले ते कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्यावरच. मात्र त्यांच्या बाणाच्या टोकाला पाते नसते, म्हणून खाली सांगितलेली अडचण लक्ष्यवेधाच्या मैदानावर येत नाही.

वेगाच्या आकड्याविषयी आधी

१९६९ मध्ये मिसुरीच्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले, आणि कॅममुळे, म्हणजे टोकांवरील त्या चाकांमुळे, बाणाचा वेग वाढत गेला तसा तो जाहिरातीचा मुख्य आकडा झाला. हा आकडा सामान्यतः ७० पाउंड ओढ, ३० इंच खेच (दोरी मागे ओढण्याची लांबी) आणि फक्त ३५० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे बारीक एकक) बाण असे गृहीत धरून मोजलेला असतो. ज्याची खेच २८ इंच आहे आणि जो ४५० ग्रेनचा बाण वापरतो, त्याला तो वेग कधीच मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. ३० यार्डांवर बाणाचा वेग सेकंदाला २८० फुटांवरून ३०० फुटांवर नेला, तर पोहोचण्याच्या वेळेत सेकंदाच्या दोन शतांशांएवढीच बचत होते. धनुष्याचा आवाज दोन्ही वेळा बाणाच्या कितीतरी आधी हरणापर्यंत गेलेला असतो. याउलट ४५० ग्रेनचा बाण २६५ फूट वेगाने सरळ गेला, तर त्यात सुमारे ७० फूट-पाउंड ऊर्जा असते आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी ती भरपूर आहे. तोच बाण शेपूट हलवत, तिरका लागला, तर त्यातील बरीच ऊर्जा दांडा वाकण्यात वाया जाते आणि पाते आत शिरत नाही. म्हणून जुन्या धनुष्याच्या जागी अधिक वेगवान धनुष्य घेऊन नेम सुधारेल, हा सल्ला मी कोणालाही देत नाही.

प्राथमिक जुळवणी

खेचेची लांबी बरोबर असावी, दोन्ही कॅम एकाच वेळी थांब्याला, म्हणजे खेच जिथे संपते तिथे, लागावेत, बाण दोरीशी काटकोनात किंवा नॉकच्या, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाच्या, बाजूला किंचित वर असावा, आणि रेस्ट, म्हणजे बाणाचा आधार, रायझरपासून (धनुष्याच्या मधल्या ताठ भागापासून) उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, बहुतेक धनुष्यांत १३/१६ इंचाच्या आसपास, असावा. बाणाचा स्पाइन, म्हणजे दांड्याचा ताठपणा, धनुष्याची ओढ, बाणाची लांबी आणि टोकाचे वजन या तिन्हींनुसार तक्त्यातून निवडावा. दोन आकड्यांच्या मध्ये अडकल्यास ब्रॉडहेडसाठी अधिक ताठ दांडा घ्यावा. पिसे रेस्टला घासतात का, हे पाहण्यासाठी त्यांवर पायाला मारायच्या पावडरचा फवारा मारून एक बाण सोडावा.

कागदातून बाण सोडून पाहण्याची चाचणी जरूर करावी, पण तिच्यावर आठवडे घालवू नयेत. फाटलेल्या कागदावर नॉक वर किंवा खाली दिसला, तर रेस्टची उंची सुधारावी. डावी-उजवी फाट आली, तर रेस्ट कोणत्या बाजूला सरकवावा याविषयी अनुभवी मंडळींचे आणि छापील मार्गदर्शिकांचे सल्ले परस्परविरुद्ध आहेत, कारण इतक्या जवळून दांडा अजून वाकत-सरळ होत असतो आणि हाताच्या पकडीतील थोडासा पीळही कागदावर उमटतो. फाट अर्ध्या इंचाच्या आत आली की कागद गुंडाळून ठेवावा. अंतिम निकाल ब्रॉडहेडच देतो.

खरे काम: ब्रॉडहेडप्रमाणे रेस्ट सरकवणे

या टप्प्याने मला सर्वाधिक झगडायला लावले, आणि बहुतेक चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. त्यामुळे आधी कारण समजून घ्यावे. धनुष्यातून निघताना बाण किंचित तिरका असेल, तर मागची पिसे त्याला लगेच सरळ करतात, आणि पुढे फील्ड पॉइंट असल्यास त्यांना कोणीही विरोध करत नाही. म्हणूनच फील्ड पॉइंट न जुळवलेल्या धनुष्याचे दोष झाकतो. ब्रॉडहेडची पाती मात्र स्वतःच लहान पंखांसारखी हवा पकडतात आणि टोक ज्या दिशेला वळलेले आहे त्या दिशेला बाण ओढत नेतात. फील्ड पॉइंट आणि ब्रॉडहेड यांच्या लागण्यातील अंतर हे धनुष्याच्या तिरकेपणाचे माप आहे. साइटची, म्हणजे नेम धरण्याच्या साधनाची, पिन हलवून ते अंतर भरून काढता येते, असे अनेक जण सांगतात. तो सल्ला कृपया ऐकू नये. पिन हलवल्याने बाण नेमाच्या जागी लागेल, पण तिरकाच लागेल. शिवाय दुसऱ्या अंतरावर किंवा थोड्या वाऱ्यात तो पुन्हा भलतीकडे जाईल.

वारा नसलेली सकाळ निवडावी. ब्रॉडहेडसाठी चालणारा फोमचा ठोकळा घ्यावा, कारण कापडी पिशवीचे लक्ष्य पाती फाडून टाकतात. एकाच वजनाचे तीन फील्ड पॉइंटचे आणि तीन ब्रॉडहेडचे बाण तयार करून त्यांवर क्रमांक लिहावेत. प्रत्येक ब्रॉडहेडचा बाण टोकावर उभा धरून फिरवावा. टोक आणि दांडा जिथे जुळतात तिथे डगमग दिसली, तर तो बाण या चाचणीतून बाद करावा. दांड्याचे कापलेले तोंड काटकोनात नसणे हे त्या डगमगीचे नेहमीचे कारण असते.

सुरुवात २० यार्डांपासून करावी. प्रत्येक बाणासाठी लक्ष्यावर वेगळा ठिपका ठेवावा, नाहीतर पाती दुसऱ्या बाणांची पिसे कापतात. एक फील्ड पॉइंट, एक ब्रॉडहेड, असे आलटून पालटून सोडावेत, म्हणजे दमणुकीचा परिणाम दोन्हींवर सारखा होतो. हात बिघडला असे जाणवले, तर तो बाण मोजू नये. तिन्ही जोड्यांत फरक एकाच दिशेला दिसेपर्यंत धनुष्याला पान्हा लावायचा नाही. एका बाणावरून रेस्ट हलवणारा माणूस संध्याकाळपर्यंत रेस्ट हलवतच राहतो.

फरक निश्चित झाल्यावर नियम एकच आहे आणि तो डावखुऱ्यांनाही लागू पडतो: ब्रॉडहेड ज्या दिशेला न्यायचा आहे त्या दिशेला रेस्ट सरकवावा. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे लागत असेल, तर रेस्ट उजवीकडे. खाली लागत असेल, तर रेस्ट वर. आधी वर-खालचा फरक मिटवावा, मग डाव्या-उजव्याचा; दोन्ही एकदम कधीच हलवू नयेत. एका वेळी १/३२ इंचापेक्षा जास्त सरकवू नये, कारण एवढ्याशा हालचालीनेही २० यार्डांवर फरक स्पष्ट दिसतो. रेस्ट सरकल्यावर फील्ड पॉइंटही थोडा सरकेल. ब्रॉडहेड त्याहून अधिक सरकतो आणि दोघे जवळ येतात. या काळात बाण ठिपक्यावर लागत नाहीत म्हणून घाबरून साइटला हात लावू नये. दोन्ही टोके एकत्र आली की साइट शेवटी एकदाच हलवायची आहे.

२० यार्डांवर जमले की ३० आणि मग ४० यार्डांवर हीच क्रिया करावी. २० यार्डांवर न दिसलेला फरक ४० वर उघड होतो, आणि मी ४० वरचाच निकाल खरा मानतो, जरी प्रत्यक्ष शिकारीत इतक्या लांबून बाण सोडण्याच्या मी विरोधात असलो तरी.

रेस्ट मूळ जागेपासून १/८ इंच हलूनही फरक मिटत नसेल, तर तिथेच थांबावे. दोष आता रेस्टमध्ये नाही. सर्वप्रथम पकड तपासावी, कारण डाव्या-उजव्या फरकाचे सर्वांत मोठे कारण धनुष्य धरणाऱ्या हाताचा पीळ हेच असते. धनुष्याची मूठ अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावरील जीवनरेषेच्या अंगठ्याकडील बाजूस टेकावी, बोटे सैल असावीत, आणि बाण लक्ष्यात शिरेपर्यंत धनुष्य आवळू नये. दोरी गालात खोल दाबली जात असेल, तर खेच लांब आहे. पकड निर्दोष असूनही फरक राहिला, तर दांडा मऊ पडत असण्याची शक्यता मोठी; दोन्ही लिंबांचे, म्हणजे धनुष्याच्या वरच्या आणि खालच्या वाकणाऱ्या भुजांचे, बोल्ट सारखेच फिरवून ओढ दोन-तीन पाउंडांनी कमी करून पाहावी. ब्रॉडहेड जवळ आला, तर निदान पक्के झाले: अधिक ताठ दांडा घ्यावा किंवा कमी ओढीवर समाधान मानावे. तरीही फरक न मिटल्यास कॅम एका बाजूला झुकला असेल. त्याची दुरुस्ती धनुष्य प्रेस या यंत्रात दाबून करावी लागते आणि ती जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी.

पाती कोणती, हा प्रश्न आता

धनुष्य असे जुळले की स्थिर पाती विरुद्ध उघडणारी पाती हा वाद बराच शांत होतो. उघडणाऱ्या पात्यांचा बाण फील्ड पॉइंटसारखा उडतो हे खरे आहे, परंतु न जुळवलेले धनुष्य लपवण्यासाठी ती वापरणे चुकीचे आहे; बाण तिरका लागला की ती पाती नीट उघडतील याची खात्री नसते आणि उघडण्यात काही ऊर्जाही खर्च होते. ५० पाउंडांपेक्षा कमी ओढ असणाऱ्यांनी स्थिर आणि टोकापासूनच कापत जाणारे पातेच वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

साइट ब्रॉडहेडनुसार लावावी. मग पुढील दिवसांत सकाळी थंड हाताने, कोणताही सराव न करता, ब्रॉडहेडचा एकच बाण सोडावा आणि तो हरणाच्या काळीज-फुप्फुसांच्या जागेएवढ्या, म्हणजे सुमारे आठ इंच व्यासाच्या, कागदी ताटलीत लागतो का ते पाहावे. ज्या अंतरावर हा पहिला बाण सातत्याने ताटलीत लागतो, तेच तुमचे शिकारीचे कमाल अंतर; दुपारी हात गरम झाल्यावर ६० यार्डांवर जवळजवळ लागलेल्या बाणांचा गट इथे मोजायचा नाही. चाचणीत वापरलेली पाती बोथट झालेली असतात, म्हणून रानात जाण्यापूर्वी ती बदलावीत किंवा धार लावावी, आणि बदलल्यावर टोक पुन्हा फिरवून पाहावे.

शेवटी रेस्ट, कॅम आणि डी-लूप (दोरीवरील छोटा फास) यांच्या जागांवर पांढऱ्या शाईच्या पेनने बारीक खुणा करून ठेवाव्यात. दोरी ताणली गेली किंवा प्रवासात धक्का बसला, तर खूण सरकलेली लगेच दिसते. दोरी बदलली, तर मात्र खुणांवर विसंबू नये आणि ब्रॉडहेडची चाचणी २० यार्डांपासून पुन्हा करावी.