तुळशीबागेतली ठुशी घेताना

आमच्याकडे लग्न ठरलं की सोनं सराफाकडून येतं आणि ठुशी, तन्मणी, चिंचपेटी असे खोटे दागिने पुण्याच्या तुळशीबागेतून. यात कमीपणा कसला? 1963 साली सुवर्ण नियंत्रण आलं, 14 कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली, तेव्हापासून सासूबाईंनी ‘खोटं’ घालणं बिनदिक्कत सुरू केलं. मिरवायची हौस काही कायद्याने थांबत नाही!

ठुशी हातात घेतली की आधी उलटी करा. पुढून सगळ्याच झळकतात. मणी एकमेकांना घट्ट चिकटून बसलेले हवेत, मध्ये दोरा दिसला की ती ठेवून द्या. मग मागचा गोंडा ओढून बघा. गाठ सरकली पाहिजे, पण आपोआप सैल पडता कामा नये. ठुशी गळ्याबरोबर बसली तरच शोभते, खाली लोंबली की मजा गेली. रंग पिवळाधमक नको, जरा मुरलेला घ्या.

नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ मागा आणि दुकानातच पाच मिनिटं लावून बसा, दुखतेय का ते तिथेच कळतं.

अत्तर, पावडर आधी, दागिना सगळ्यात शेवटी. घरी आल्यावर कोरड्या सुती कापडाने घाम टिपायचा आणि झिपच्या पिशवीत एकेक वेगळा ठेवायचा. कानातल्याच्या काडीने खाज येत असेल तर तिला बिनरंगी नेलपॉलिशचा हात द्या. आणि भाव? निम्म्यापासून सुरू करा.