नव्याण्णव टक्के आले की घाबरा

अमळनेरहून जळगावला रेल्वेने ये-जा करत पीएच.डी.ची दोन वर्षं घालवली, दोन्ही पाण्यात. सायबर सुरक्षेत प्राध्यापकी करायची तर नेट-सेट, कोर्सवर्कची माहिती कुणीही देईल. मी फक्त डेटासेटबद्दल, म्हणजे मॉडेलला ज्यावर शिकवायचं (ट्रेनिंग) आणि तपासायचं (टेस्ट) त्या नोंदींबद्दल बोलतो.

विषय इंट्रूजन डिटेक्शन, म्हणजे नेटवर्कमधली घुसखोरी ओळखणं. गाइड म्हणाले, "केडीडी ९९ घ्या, सगळे तोच घेतात." घेतला तो तयार डेटासेट. पहिल्याच आठवड्यात ९९ टक्के अचूकता! घरी पेढे वाटले. मग पेपर परत आला. परीक्षकाने एकच विचारलं होतं: एकसारख्या नोंदी किती, मोजल्यात का?

नव्हत्या मोजल्या. हा डेटा अमेरिकेत १९९८ साली कृत्रिमरीत्या घडवलेल्या नेटवर्क ट्रॅफिकवरून बनलाय. त्यातल्या ट्रेनिंगच्या सुमारे ७८ आणि टेस्टच्या ७५ टक्के नोंदी हुबेहूब पुन्हा आलेल्या, हे २००९ सालीच छापून आलं होतं. पोराकडून एकच गणित पन्नासदा घोकून घ्यायचं, परीक्षेत तेच घालायचं आणि पोरगं हुशार म्हणायचं, तसला प्रकार. पूर्ण डेटाऐवजी सगळे त्याच्या दहा टक्क्यांची फाइल वापरतात, तिच्यात ४,९४,०२१ नोंदी. पैकी स्मर्फ आणि नेपच्यून, म्हणजे ट्रॅफिकचा भडिमार करून यंत्रणा ठप्प करणारे दोनच हल्ले, ३,८७,९९१. आणि साधा वापरकर्ता थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक होऊन बसतो, तो यू२आर (यूजर टू रूट) हल्ला? फक्त ५२! माझ्या मॉडेलने त्यातला एकही पकडला नसता, तरी अचूकता जागची हलली नसती. म्हणून आधी डुप्लिकेट काढा, मग प्रत्येक हल्ल्याचा रिकॉल, म्हणजे खऱ्या हल्ल्यांपैकी किती पकडले ते, वेगळा लिहा. एकच सरासरी आकडा देणाऱ्या पेपरवर माझा विश्वास नाही.

गाइडचे पेपर मोजू नका. स्वतः शेवटचा कोड कधी चालवला, ते विचारा. राग येईल, येऊ द्या. आणि 'तीन महिन्यांत एथिकल हॅकर' वाल्यांना पैसे देऊ नका.

खान्देशात लॅब कुठली, म्हणून खचू नका. आठ जीबीच्या जुन्या मशीनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच संगणकात आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) दोन लिनक्स उभी राहतात. मी आजही त्यावरच शिकवतो. वीज गेली की फळा. कॉलेजच्या नेटवर्कवर मात्र लेखी परवानगीशिवाय स्कॅन चालवू नका. आयटी कायद्याची कलमं ४३ आणि ६६ मस्करी नाहीत, लबाडीच्या हेतूने केलं असं ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

डुप्लिकेट काढून, यू२आरचा लाजिरवाणा आकडा तसाच ठेवून पेपर पुन्हा पाठवला. तो स्वीकारला गेला. आई म्हणाली, "टक्के कमी पडले ना रे, मग पेढे कशाचे?"